मूल परदेशात आणि आमच्या घरी बैठका

माझ्या धाकट्या भावाची सात वर्षांची मुलगी गेल्या वर्षी मे महिन्याच्या सुट्टीत आईबरोबर जर्मनीला मावशीकडे गेली आणि जूनमधल्या परतीच्या विमानात त्या दोघी नव्हत्या, याला आता सव्वा वर्ष झाले. भावाच्या संसारात काय बिनसले याबद्दल मी येथे लिहिणार नाही. ते न्यायालयापुढे आहे. मला लिहायचे आहे ते मुलुंडमधल्या आमच्या सुशिक्षित म्हणवणाऱ्या कुटुंबाने पहिले पाच महिने कसे घालवले त्याबद्दल.

आम्ही बैठका घेतल्या. भावजयीचे मामा, आमचे मोठे काका आणि दोन्ही घरे ज्यांचा शब्द मानतात असे ठाण्याचे एक निवृत्त मुख्याध्यापक, असे सगळे आळीपाळीने आमच्या हॉलमध्ये बसून चहा घेत आणि प्रत्येक बैठकीचा निष्कर्ष एकच निघे, की प्रकरण कोर्टात नेले तर कायमचे तुटेल, तेव्हा गणपतीपर्यंत थांबावे, सणाला येतीलच. गणपती आले, गौरी जेवल्या, विसर्जन झाले. पुतणीच्या दुसरीच्या पुस्तकांना भावाने जूनमध्येच खाकी कव्हरे घालून नावाच्या चिठ्ठ्या चिकटवून ठेवल्या होत्या. सप्टेंबरमध्ये शाळेतून फोन आला, की नाव पटावर ठेवायचे की कमी करायचे, आणि तेव्हा कुठे भाऊ पहिल्यांदा वकिलाकडे गेला.

वकीलबाईंनी पहिला प्रश्न विचारला तो तारखेचा. मूल कधी गेले, परतीचे तिकीट कधीचे होते, आणि मूल तिथे ठेवायला तुमची संमती नाही हे तुम्ही लेखी कधी कळवले? आमच्याकडे लेखी काहीच नव्हते. उलट ‘तुम्हाला हवे तेवढे दिवस राहा’ असा भावाने बैठकीतल्या सल्ल्यानुसार पाठवलेला व्हॉट्सॲप संदेश मात्र होता. समजूतदारपणा म्हणून लिहिलेले ते वाक्य न्यायालयात संमती म्हणून वाचले जाऊ शकते, हे आमच्यापैकी एकाच्याही ध्यानात आले नव्हते.

अशा प्रकरणांसाठी २५ ऑक्टोबर १९८० चा हेग करार आहे. एका पालकाने दुसऱ्याच्या हक्काविरुद्ध १६ वर्षांखालील मूल परदेशी नेले किंवा तिथेच ठेवून घेतले, तर ताबा कोणाचा याचा निवाडा मूल जिथे राहत होते त्या देशात व्हावा आणि त्यासाठी मुलाला लवकर परत पाठवावे, ही त्यामागची कल्पना. अर्ज एका वर्षाच्या आत आला तर परत पाठवणे हा नियम. त्यानंतर मूल नव्या जागी रुळले असल्याचा बचाव घेता येतो. जर्मनी या करारात आहे, जपानही २०१४ मध्ये आला, भारत मात्र नाही. त्यामुळे तो दरवाजा आम्हाला बंदच होता. पण करार असो वा नसो, मूल कुठे रुळले आहे हे कोणतेही न्यायालय पाहतेच, आणि आमचे पाच महिने तिच्या तिथे रुळण्याच्या खात्यात जमा झाले.

मग मदत कुठे मिळते? एका ठिकाणी मिळत नाही, हेच खरे उत्तर आहे. पोलीस ठाण्यात भावाला बसवून पाणी दिले आणि सांगितले, की आई ही नैसर्गिक पालक आहे, न्यायालयाचा आदेश नसताना अपहरणाचा गुन्हा कसा नोंदवायचा? राग आला, तरी ते अगदीच चूक नव्हते. ताब्याचा अर्ज वांद्र्याच्या कुटुंब न्यायालयात, १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली. परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार नोंदवता येते, पण दूतावास फार तर मुलीची खुशाली विचारू शकतो, तिला घेऊन येऊ शकत नाही. पासपोर्ट कार्यालयाला पत्र वेगळे, कारण लहान मुलाचा पासपोर्ट साधारणपणे ५ वर्षांचाच असतो आणि नव्याने काढताना दोन्ही पालकांची संमती किंवा न्यायालयाचा आदेश लागतो. शिवाय जर्मनीत तिथला वकील वेगळाच. प्रत्येक खिडकीवर तीच हकीकत पहिल्यापासून सांगायची.

केंद्रीय विधी आयोगाने २००९ मध्ये भारताने करारात सामील व्हावे असे सुचवले, २०१६ मध्ये विधेयकाचा मसुदा दिला, आणि २०१८ मध्ये न्यायमूर्ती राजेश बिंदल समितीने या तंट्यांसाठी स्वतंत्र प्राधिकरण सुचवले. विरोध करणाऱ्यांचे म्हणणे मी हलके मानत नाही: मारझोड सोसून मुलाला घेऊन माहेरी पळून आलेल्या बाईला हा करार ओढून परत नेईल, ही भीती खरी आहे. गंभीर धोका असेल तर परत पाठवण्यास नकार देण्याची तरतूद करारात आहे, पण परक्या देशात घडलेला छळ इथे बसून सिद्ध करायचा तो तिनेच. म्हणून माझे म्हणणे एवढेच, की सहीचा वाद चालू राहू दे, प्राधिकरण मात्र आधी स्थापन करा. एक दार, एक अर्ज, आणि दोन्ही बाजूंना बसवणारा प्रशिक्षित मध्यस्थ, ज्याला आमच्या काकांसारखे ‘सणापर्यंत थांबा’ म्हणण्याची मुभा नसेल.

आमच्या दुटप्पीपणाबद्दलही लिहायला हवे. काही वर्षांपूर्वी नात्यातलीच एक मुलगी अमेरिकेतून मुलाला घेऊन डोंबिवलीला निघून आली, तेव्हा आम्ही पेढे वाटले नाहीत एवढेच. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये म्हटले आहे, की परदेशी न्यायालयाचा आदेश हा विचारात घेण्याचा एक भाग, मुलाचे हित सर्वांत वर. तो निकाल तेव्हा मीच कुटुंबाच्या ग्रुपवर कौतुकाने टाकला होता. त्या मुलाचे वडील तिकडे कोणकोणत्या खिडक्यांवर उभे असतील, हे माझ्या मनातही आले नव्हते.

आमच्या प्रकरणात थोडी हालचाल झाली ती मध्यस्थीमुळे. बर्लिनमध्ये ‘मिक’ नावाची संस्था सीमेपलीकडच्या कौटुंबिक तंट्यांत दोन मध्यस्थांची जोडी देते, असे तिथल्या वकिलांकडून कळले आणि भावजयही बोलायला तयार झाली. अजून ताब्याचे काही ठरलेले नाही. दर शुक्रवारी अर्धा तास व्हिडिओ कॉल, आणि त्यात मुलीशी मराठीतच बोलायचे, इतके ठरले आहे. मागच्या शुक्रवारी तिने आपली दुसरीची पुस्तके मागितली. भावाने ती खाकी कव्हरांसकट पार्सल केली. पार्सलच्या फॉर्ममध्ये वस्तूची किंमत लिहायची होती, तिथे तो बराच वेळ थांबला आणि मग एकेक कव्हर अलगद वर करून मागे छापलेल्या किमतींची बेरीज करत बसला.