मासे पाणी फोडून श्वास घेत नाहीत

गोदावरीत मेलेले मासे तरंगताना दिसले, की नाशिकमधल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक जुना संदेश पुन्हा फिरू लागतो. त्याचा आशय असा: पाण्याच्या वजनात ८९ टक्के ऑक्सिजन असतो, मासे कल्ल्यांनी हायड्रोजन बाजूला सारून तो घेतात, म्हणून पाण्यात मासा गुदमरणे अशक्य, तो मेला म्हणजे कोणीतरी विष कालवले. शिवाय हवेत ऑक्सिजन अवघा २१ टक्के, म्हणून तो पाण्याबाहेर तडफडतो. यातले दोन्ही आकडे खरे आहेत, निष्कर्ष मात्र एकही खरा नाही. आणि ही चूक निरुपद्रवीही नाही, कारण तिच्या आडोशाने सांडपाणी नामानिराळे राहते.

पाण्याच्या रेणूतला ऑक्सिजन हायड्रोजनशी घट्ट बांधलेला असतो आणि तो सोडवायला भरपूर ऊर्जा लागते. प्राण्यांच्या पेशीत श्वसनाच्या अखेरीस नेमके उलट घडते: अन्नातून निघालेला हायड्रोजन ऑक्सिजनला मिळून पाणी तयार होते. तेव्हा पाणी फोडून श्वास घेणाऱ्या माशाला मिळकतीपेक्षा खर्चच जास्त पडला असता. हे काम वनस्पती आणि शेवाळ करतात, पण सूर्यप्रकाशाच्या जोरावर.

मासा घेतो तो पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन. चहाचे आधण ठेवल्यावर, उकळी फुटण्याच्या बऱ्याच आधी, पातेल्याच्या तळाशी आणि कडेला मोहरीएवढे बुडबुडे चिकटलेले दिसतात. ती पाण्यात विरघळलेली हवा असते, तापल्यामुळे बाहेर पडू लागलेली. ३० अंश सेल्सिअसच्या गोड्या पाण्यात, समुद्रसपाटीला, लिटरमागे जास्तीत जास्त साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन विरघळलेला राहतो, आणि तेवढ्याच हवेत तो सुमारे २७० मिलिग्रॅम असतो. इतक्या तुटपुंज्या साठ्यावर भागवायचे म्हणून कल्ल्यांची रचना विलक्षण काटकसरी आहे. मासळी बाजारात ताजेपणा पाहण्यासाठी कल्ल्यांवरचे झाकण उचलले, की लालभडक दातेरी फण्या दिसतात. त्यांवरच्या अतिसूक्ष्म पापुद्र्यांतून रक्त एका दिशेने वाहते आणि पाणी त्याच्या विरुद्ध दिशेने, त्यामुळे रक्ताला प्रत्येक टप्प्यावर आपल्याहून जास्त ऑक्सिजन असलेले पाणी भेटते. कार्बन डायऑक्साइड त्याच वाटेने बाहेर जातो. दोन कप्प्यांचे हृदय रक्त आधी कल्ल्यांकडे ढकलते आणि तिथून ते परस्पर शरीरभर जाते.

आता ‘गुदमरणे अशक्य’ या दाव्याकडे येऊ. पाणी तापले की त्यात ऑक्सिजन कमी मावतो, आणि नेमकी तेव्हाच माशाची गरज वाढते. त्यात मैलापाणी मिसळले, तर ते कुजवणारे जिवाणू उरलासुरला ऑक्सिजन संपवतात. पाणवेलींचा गालिचा पसरला, की पाण्याचा हवेशी संपर्क तुटतो आणि खालच्या शेवाळाला ऊन मिळत नाही. शेततळ्यात रोहू-कटला पाळणारा शेतकरी हे संदेश न वाचताही जाणतो: रात्रभर शेवाळही ऑक्सिजन वापरत असल्याने पहाटे तो सर्वांत कमी असतो, मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडझाप करू लागतात, आणि तो धावत जाऊन एरेटर, म्हणजे पाण्यात हवा मिसळणारे यंत्र, चालू करतो. विषाने मासे मरतच नाहीत असे मुळीच नाही. कारखान्याच्या पाण्यावर संशय घेण्यात गैर काही नाही. परंतु पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन मोजल्याशिवाय विषावर शिक्कामोर्तब करणे हा तपास नव्हे.

राहिला पाण्याबाहेरचा मृत्यू. हवेत ऑक्सिजन मुबलक असतो, हे वरच्या आकड्यांवरून दिसतेच. तरीही मासा गुदमरतो, कारण पाण्याचा आधार सुटताच कल्ल्यांचे पापुद्रे ओल्या पुस्तकाच्या पानांसारखे एकमेकांना चिकटतात आणि वायूंची देवाणघेवाण करणारा पृष्ठभागच नाहीसा होतो. मरळ मात्र ओलसर राहिला तर बाहेर बराच वेळ तग धरतो, कारण कल्ल्यांच्या वरच्या पोकळीत हवा घेण्याची त्याची वेगळी सोय आहे. तिच्यावर तो इतका विसंबून असतो, की त्याला पृष्ठभागावर येऊ दिले नाही, तर तो पाण्यातच बुडून मरतो.