दोन स्टारांना उत्तर: बोटं, उडत्या तबकड्या आणि यूट्यूब

नमस्कार. शनिवारच्या व्हिडिओ-संध्येला तुम्ही आलात, शेवटपर्यंत बसलात आणि दोन स्टार दिलेत. तुमच्या तक्रारी थोडक्यात अशा: चित्राला मुंग्या होत्या, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या होत्या, पहिला अर्धा तास 'एक बाई हवेत हात हलवत होती', नंतर 'जगातल्या सर्वांत वाईट दिग्दर्शकाला' डोक्यावर घेतलं, आपल्याकडचं काहीच नव्हतं, आणि हे सगळं यूट्यूबवर फुकट मिळतं. वर पैसे परत हवेत.

आधी पट्ट्या. जुनं व्हिडिओचित्रण चारास तीन या मापाचं असतं. ते ताणून पडदाभर करायचं बटण आमच्या रिमोटवरही आहे, आम्ही ते दाबत नाही. ताणलं की बोटं जाडी दिसतात, आणि त्या अर्ध्या तासात पाहायची होती ती बोटंच. मुंग्या मूळ चित्रणातल्या आहेत. सॉफ्टवेअरने चकचकीत केलेल्या प्रतीही आम्ही पाहिल्या. त्यांत बोटांच्या कडा वितळतात.

ती बाई म्हणजे क्लारा रॉकमोर. जन्म १९११, विल्निअसचा. लहान वयातच व्हायोलिनमध्ये नाव काढलं, पुढे हाताच्या दुखण्याने व्हायोलिन सुटलं, आणि अमेरिकेत लिओन थेरमिन या रशियन संशोधकाच्या, त्याच्याच नावाच्या वाद्याशी गाठ पडली. या वाद्याला दोन अँटेना. उभ्या सळीजवळ हात नेला की सूर चढतो, लांब नेला की उतरतो; दुसरा हात आडव्या कडीपाशी आवाज कमी-जास्त करतो. स्पर्श कशालाच नाही. सारंगीला पडदे नसले तरी बोट टेकायला तार असते, इथे तीही नाही. जरा मान हलली तरी सूर ढळतो. क्लाराबाईंनी मनगट एका जागी ठेवून नुसती बोटं मिटत-उघडत सूर गाठायची स्वतःची पद्धत बसवली. म्हणून त्यांचा सूर घसरत जात नाही, नेमका पडतो. बहीण नाडिया रायझेनबर्ग पियानोवर असताना नुसतं ऐकलंत तर कुणी चेलो वाजवतंय असंच वाटेल. हात पाहिले की मग कळतं काय चाललंय, आणि आम्ही व्हिडिओ दाखवतो ते त्यासाठी.

तुम्हाला तो आवाज 'भुताटकीचा' वाटला, त्याला कारण हॉलिवूड. १९४५ मध्ये हिचकॉकच्या 'स्पेलबाउंड'च्या संगीतात मिक्लोश रोझाने थेरमिन घेतलं, १९५१ मध्ये 'द डे द अर्थ स्टुड स्टिल'साठी बर्नर्ड हरमनने दोन घेतली. तेव्हापासून हा आवाज वेडाचा आणि परग्रहाचा झाला तो झालाच.

आता एड वूड, म्हणजे तुमचा 'जगातला सर्वांत वाईट दिग्दर्शक'. त्याचा 'प्लॅन ९ फ्रॉम आउटर स्पेस' चांगला सिनेमा आहे असं आमच्यापैकी कुणीच म्हटलं नव्हतं. त्यातला नट बेला लुगोसी १९५६ मध्ये वारला, त्याचं थोडंसंच चित्रण हाताशी होतं, म्हणून उरलेल्या सिनेमाभर दुसराच माणूस तोंडावर झगा धरून फिरतो. सगळं सभागृह हसत होतं, मीही. पण पैसा नाही, नट गेलेला, आणि तरी सिनेमा पुरा करायचाच, या हट्टाचं मला कौतुक आहे आणि ते मी माइकवरही बोललो. दोन्ही विषय एकाच संध्याकाळी का? टिम बर्टनने १९९४ मध्ये याच वूडवर सिनेमा केला. त्याच्या संगीतासाठी हॉवर्ड शोअरने थेरमिन वाजवायला लिडिया काविनाला बोलावलं. ती लिओन थेरमिनच्या नात्यातली आणि खुद्द त्याच्याच हाताखाली शिकलेली. आमच्या कार्यक्रमाचा सांधा हाच होता, आणि तो पत्रिकेत छापला होता.

आपल्याकडचंही होतं. १९५४ च्या 'नागिन'मधली पुंगी आम्ही मध्यंतरानंतर ऐकवली. पडद्यावर पुंगी दिसते, कानावर पडतं ते क्लाव्हायोलिन, म्हणजे एक छोटं विजेवरचं कीबोर्ड-वाद्य, आणि वाजवणारे कल्याणजी. त्यावर लोकांनी दोनदा 'पुन्हा' म्हटलं. तुमचा चहा बहुधा लांबला असावा.

यूट्यूबवर यातलं बरंच मिळतं, जरूर पाहा. तिकिटाचे पैसे जागेचं भाडं, प्रदर्शनाची परवानगी आणि दोन चांगले स्पीकर यांत जातात. कार्यक्रम पूर्ण पाहिल्यावर पैसे परत मिळत नाहीत, हे तिकिटाच्या मागे लिहिलेलं आहे आणि तुमच्यासाठी ते बदलता येणार नाही.

पुढची संध्याकाळ चरणजित सिंग यांच्यावर आहे. मुंबईच्या सिनेसंगीतातला हा वादक. १९८२ मध्ये त्याने रोलंड कंपनीच्या इलेक्ट्रॉनिक वाद्ययंत्रांवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात बसवले. नावनोंदणी सुरू आहे. ललत, तोडी, यमन सगळे आहेत, पण घरातल्या शास्त्रीय ऐकणाऱ्या काकांना आणणार असाल तर ठेक्याचं त्यांना आधी सांगून आणा.