‘नुसतं बसवून ठेवलंय’ म्हणजे अटक नाही? साफ चूक

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा मजकूर असा: ‘पोलिसांचा फोन आला की ठाण्यात जावंच लागतं. चौकशीला बसवणं म्हणजे अटक नव्हे, म्हणून 24 तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करण्याचा नियम लागत नाही. अटकेचं कारण कोर्टात कळतं.’

आधी फोनचं. साक्षीदाराला बोलवायला भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या) कलम 179 नुसार लेखी आदेश लागतो. स्त्रियांना आणि साठीपुढच्यांना तर राहत्या घराबाहेर येण्याची सक्तीच करता येत नाही. आरोप तुमच्यावर असेल, पण अटकेची गरज नसेल, तर कलम 35(3) ची नोटीस येते. ती व्हॉट्सअ‍ॅपवर बजावता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये सांगितलं. रीतसर नोटीस आली तर मात्र जा. गैरहजेरीमुळे अटक ओढवू शकते.

खरी गोम ‘बसवण्या’त आहे. मुंबई उच्च न्यायालयाने 1990 मध्येच म्हटलंय की, माणसाच्या हिंडण्याफिरण्यावर बंधन आलं तिथेच अटक सुरू होते. कागदावर कोणती वेळ टाकली, याने फरक पडत नाही. 24 तासांतून फक्त प्रवासाचा वेळ वजा होतो. रविवारसुद्धा वजा होत नाही. घोळ होतो तो असा: सकाळी 10 ला आणलेल्याची अटक रात्री 9 ला दाखवतात आणि 11 तास गायब होतात. म्हणून घरच्यांनी त्याच तासाला पोलीस अधीक्षक किंवा आयुक्तांना ईमेल करावा, म्हणजे वेळेची नोंद राहते. अटक मेमोवर, म्हणजे अटकेच्या नोंदीच्या कागदावर, सही करताना वेळ वाचा. चुकीची असेल तर सहीशेजारी खरी वेळ लिहा आणि पहिल्याच रिमांडला, म्हणजे कोठडीच्या सुनावणीला, दंडाधिकाऱ्यांना सांगा. ठाण्यातलं सीसीटीव्ही चित्रण किमान वर्षभर जपण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर 2020 चा आदेश आहे. ते राखून ठेवण्याचा अर्ज वकिलाने लगेच द्यावा.

‘वॉरंटशिवाय अटक बेकायदाच’ हा उलट बाजूचा फॉरवर्डही तितकाच फसवा. दखलपात्र, म्हणजे पोलीस स्वतःहून कारवाई करू शकतात अशा, गुन्ह्यात वॉरंट लागत नाही.

अटकेच्या कारणांबद्दल 6 नोव्हेंबर 2025 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल स्पष्ट आहे: ती लेखी आणि आरोपीला समजणाऱ्या भाषेत हवीत, अटकेवेळी शक्य नसेल तर तोंडी सांगून, रिमांडच्या किमान दोन तास आधी लेखी द्यायची. मराठी माणसाच्या हाती इंग्रजी कागद ठेवून भागत नाही. हे पाळलं नाही तर अटक बेकायदा ठरते, सुटका होते. खटला मात्र संपत नाही. कारणं देऊन पोलीस पुन्हा कोठडी मागू शकतात.