सेंद्रिय बागेतही फवारणी असते

इटलीतल्या क्यांती भागातला कोल्तिबुओनोचा जुना मठ आणि तिथली सेंद्रिय वाइन यांबद्दलचा लेख मराठीत वाचायला मिळाला, फार बरं वाटलं. पण 'सेंद्रिय वाइनच्या बागेत काहीच फवारत नाहीत' हे लेखातलं वाक्य खटकलं. आमची निफाड तालुक्यात द्राक्षबाग आहे. डाऊनी हा बुरशीचा रोग एकदा पानावर उतरला की काय होतं ते डोळ्यांनी पाहिलंय. इटलीतल्या सेंद्रिय बागांतही बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुना, म्हणजे त्यात तांबं आलं) आणि गंधक चालतं. फरक मर्यादेचा आहे. युरोपीय संघाच्या नियमानुसार तांबं सात वर्षांत हेक्टरी २८ किलोच, म्हणजे वर्षाला सरासरी ४ किलो. ओल्या वर्षात एवढ्यावर बाग राखणं म्हणजे खरंच कसब, त्याला 'काहीच फवारत नाहीत' म्हणणं त्या शेतकऱ्यांवर अन्याय आहे.

वाइन टिकवायला घालतात त्या सल्फाइटचंही तसंच. बिगर-सेंद्रिय कोरड्या (गोड नसलेल्या) रेड वाइनला मर्यादा लिटरमागे १५० मिलिग्रॅम, सेंद्रियला १००. शून्य नाही.

आणखी एक. मठ डोंगरात उंचावर, जंगलात आहे, मात्र त्यांच्या बऱ्याचशा बागा दक्षिणेला मोंती भागात, खालच्या उतारांवर आहेत. सांजोवेसे ही तिथल्या द्राक्षाची उशिरा पिकणारी जात, तिला ऊन हवंच. क्यांती क्लासिको या तिथल्या वाइनमध्ये ती किमान ८० टक्के लागते. तिथली गालेस्त्रो माती चुरचुरीत, पाणी धरून न ठेवणारी. आमच्याकडे मुरमाड रानात वेल सुखी असतो, तसंच. लेखात मठातल्या अकराव्या शतकातल्या भिक्षूंबद्दल लिहिलंय, तितकंच या मातीबद्दलही लिहायला हवं होतं.