मुक्ताचा चेहरा आणि आमचा वाद

जानेवारी २०२५ मध्ये ‘प्रेमाची गोष्ट’ या मालिकेतून तेजश्री प्रधान बाहेर पडल्या आणि नायिका मुक्ताच्या भूमिकेत स्वरदा ठिगळे आल्या. चालू मालिकेत नायिकेचा चेहरा असा बदलावा का, हा तेव्हा सुरू झालेला वाद आमच्या नातेवाइकांत अजून डोके वर काढतो, आणि त्यातले एक वाक्य मला दर वेळी खटकते: “परदेशात प्रेक्षकांचा असा अपमान कोणी करत नाही.”

हे म्हणणाऱ्यांपैकी कोणी परदेशात राहत नाही, मी राहते. इथे ब्रिटनमध्ये ‘ईस्टएंडर्स’ या मालिकेतल्या बेन मिचेलचे नट कितीदा तरी बदलले, आणि नवा नट दारातून आत आला की सारे त्याला बेनच म्हणतात. अमेरिकेत ‘बिविच्ड’ या मालिकेमध्ये डिक यॉर्क यांनी प्रकृतीमुळे काम सोडल्यावर १९६९ साली नायिकेचा नवरा म्हणून डिक सार्जंट आले आणि कथेत त्याचा उल्लेखही झाला नाही. तिथल्याच ‘डायनॅस्टी’ या मालिकेने कारण द्यायचे ठरवले, तर तेलविहिरीवरच्या स्फोटात स्टीव्हनला भाजवून, प्लास्टिक सर्जरी करवून, पट्ट्यांखालून दुसराच नट काढावा लागला. असे आपल्याकडे घडते, तर हीच मंडळी त्यावर तुटून पडली असती.

‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश मालिकेचा दाखला मात्र मला हमखास ऐकवला जातो. १९६६ मध्ये विल्यम हार्टनेल यांची तब्येत साथ देईना, तेव्हा डॉक्टर जमिनीवर कोसळतो, त्याचा चेहरा प्रकाशात विरघळतो आणि तिथे पॅट्रिक ट्राउटन दिसू लागतात. युक्ती अप्रतिम आहे आणि मालिका तिच्यावरच तगली. पण तो नायक परग्रहावरचा होता. मुक्ताला ही वाट मोकळी नव्हती. दुसरी वाट म्हणजे तिला कथेतच मारणे; पण छोट्या सईला मुक्ताच्या रूपाने आई मिळणे हाच जिथे कथेचा गाभा, तिथे मुक्ताला मारणे म्हणजे मालिकाच संपवणे. शिवाय ‘ईस्टएंडर्स’ आठवड्यातून चारदा लागते. आपली दैनंदिन मालिका जवळजवळ रोज, आणि आधी चित्रित करून ठेवलेल्या भागांचा साठा, म्हणजे बँक, जेमतेम. नायिकेवाचून कथा महिनाभर फिरवत ठेवणे कोणत्या लेखकाला जमेल?

इतके सांगूनही नवी मुक्ता मला बराच काळ परकी वाटली, हे खरे आहे. आईने तिला आठवड्याभरात आपली मानले. आई ती मालिका रोज ठरल्या वेळी पाहायची. मी शनिवारी रात्री सगळे भाग एकदम पाहायचे, आणि सोडून आलेल्या घरातला एकही चेहरा बदलू नये असे मला आतून वाटत राहते. तिथे जे बदलते, ते मला न विचारता बदलते. माझ्यासारखीचा हा हट्ट मला समजतो. रोज तिथेच राहणाऱ्यांना तो का असावा, हे मात्र समजत नाही. त्यांनीच तर ‘माझ्या नवऱ्याची बायको’मधली शनाया २०१८ साली रसिका सुनील यांच्याकडून ईशा केसकर यांच्याकडे गेलेली पाहिली आणि मालिका पुढे चालू ठेवली.

भांडायचेच असेल, तर दुसरीने सव्वा वर्ष घडवलेली नाती उचलून चालू प्रसंगात उभे राहायला नव्या नटीला तयारीचे किती दिवस देतात, यावर भांडावे. तिथे मीही त्यांच्या बाजूने उभी राहीन.