नोहाचं तारू आणि दहावीचं पुस्तक

आम्ही सिनसिनाटीला राहतो. इथून तासाभरावर, केंटकीतल्या विल्यम्सटाउनला, बायबलमधल्या नोहाचं, महापुरातून सगळ्या प्राण्यांच्या जोड्या वाचवणारं, ५१० फूट लांबीचं लाकडी तारू उभं केलंय. २०१६ साली ते लोकांसाठी उघडलं. आत लाकडी पिंजरे आहेत आणि काही पिंजऱ्यांत डायनोसॉर. पृथ्वीचं वय जेमतेम सहा हजार वर्षं मानलं, की डायनोसॉरही तारवात बसवावे लागतात. पुण्याहून आलेला माझा मावसभाऊ त्या पिंजऱ्यापुढे थबकला आणि म्हणाला, "ताई, एवढा पुढारलेला देश आणि हे? आपलं बरं. मत्स्य, कूर्म, वराह... दशावतारातच उत्क्रांती. धर्म-विज्ञानाचं भांडणच नाही."

मला त्याचं हे समाधान फार खुपलं.

कारण इथलं भांडण कधीच नुसतं पृथ्वीच्या वयाचं नव्हतं. नोहाने आपल्या नातवाला, कनानला, शाप दिला: तू दासांचा दास होशील. कनान हा हामचा मुलगा. मूळ कथेत कातडीच्या रंगाचा उल्लेखही नाही. तरी 'हामचा शाप' म्हणून तोच दाखला देत अमेरिकेच्या दक्षिणेतल्या पाद्र्यांनी काळ्यांची गुलामगिरी ईश्वरी ठरवली. गुलाम बाळगणाऱ्यांना धर्मप्रचारक नेमावं की नाही, या वादातून १८४५ साली सदर्न बॅप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाचे लोक वेगळे झाले. त्यांनी त्याबद्दल माफी मागितली ती १९९५ साली. वंशभेद डार्विनमुळे आला असं सांगणारे इथे पुष्कळ भेटतात. डार्विनचं पुस्तक १८५९ सालचं आहे, एवढं त्यांना सांगावंसं वाटतं.

पण विज्ञानाच्या बाजूचेही हात स्वच्छ नाहीत, आणि हे आपल्या पुरोगामी मित्रांनीही ऐकावं. १९२५ साली टेनेसीतल्या डेटन गावात उत्क्रांती शिकवली म्हणून जॉन स्कोप्स या शिक्षकाला १०० डॉलर दंड झाला. त्या खटल्यातलं जीवशास्त्राचं पाठ्यपुस्तक माणसांचे पाच वंश सांगतं आणि गोऱ्यांना सगळ्यांत वर बसवतं. 'सदोष' कुटुंबांची वीण थांबवावी, असंही त्यात आहे. एका बाजूला पोथी, दुसऱ्या बाजूला प्रयोगशाळा, आणि पायरी मात्र दोघांनीही तीच ठरवलेली.

१९५९ साली व्हर्जिनियातल्या एका न्यायाधीशाने गोरा नवरा आणि काळी बायको यांना लग्न केल्याबद्दल शिक्षा सुनावली. देवाने वंश वेगवेगळ्या खंडांवर ठेवले, म्हणजे ते मिसळू नयेत अशीच त्याची इच्छा, असं ती शिक्षा कायम ठेवताना त्याने १९६५ साली लिहिलं. ते वाचताना मला पुरुषसूक्त आठवलं. मुखातून कोणता वर्ण, पायांतून कोणता. जोतिरावांना हे नातं केव्हाच दिसलं होतं. १८७३ सालची 'गुलामगिरी' त्यांनी अर्पण केली ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. आणि त्याच पुस्तकात त्यांनी मत्स्यापासूनच्या अवतारांची उलटतपासणी केली. मावसभावाने ज्यांचा दाखला दिला, तेच अवतार.

आणि भांडण नाही, हेही खरं नाही. २०१८ साली औरंगाबादेत केंद्रातले एक राज्यमंत्री डार्विन चूक आहे असं म्हणाले होते. २०२३ साली एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांती गेली. धड्याचं नाव होतं 'आनुवंशिकता आणि उत्क्रांती', आता नुसतं 'आनुवंशिकता'. कुणाकडून काय वारशाने आलं ते मुलं शिकणार. सगळ्यांचं मूळ एक, हे मात्र त्या पानांवर नसणार. मावसभावाची लेक सीबीएसईला आहे, यंदा दहावीत. गाळलेला भाग मी तिला पाठवलाय.