हात कोणता, ते लिहू नका

डॉक्टर, पेशंटचं बोट वाकलंय ना? मग नोटमध्ये 'हाताला व्यंग' एवढंच लिहा आणि पुढच्या पेशंटला आत बोलवा. उजवा की डावा, या भानगडीत पडू नका. हात दोनच असतात. नोट वाचून बिलासाठी आजाराचा कोड लावणारा कोडर घेईल समजून.

आणि नाही समजलं तरी बिघडत नाही. अमेरिकेत १ ऑक्टोबर २०१५ पासून लागू असलेल्या आयसीडी-१०-सीएम या आजारांच्या कोडच्या यादीत तुमची सोय करून ठेवली आहे. एम२१.९४१ म्हणजे उजवा हात, एम२१.९४२ म्हणजे डावा आणि एम२१.९४९ म्हणजे असेल त्यांतलाच एखादा. माहिती खरोखरच मिळत नसेल तर अनस्पेसिफाइड, म्हणजे तपशील न सांगणारा, कोड चालतो, असं नियमच सांगतात. तुम्ही फक्त ती कुणाला मिळू द्यायची नाही.

बोटांपाशी मात्र जपा, तिथे तपशिलाचा मोह होतो. टोकाचं पेर लोंबतंय, पेशंटला काही केल्या ते सरळ करता येत नाही, पण तुम्ही बोट लावून उचललंत की अलगद वर येतं. हे बघून कुणाचाही हात 'मॅलेट फिंगर' लिहायला शिवशिवेल. आवरा! बाजूसकट लिहिलंत तर कोडरला एम२०.०११ किंवा एम२०.०१२ आयता मिळेल. मधला सांधा आत वाकलेला आणि टोकाचा मागे ताणलेला असेल तर बुटोनियर, याच्या उलट असेल तर स्वान नेक. दोघांचे कोड वेगळे, उपचारही वेगळे. म्हणूनच त्या बोटाकडे फार वेळ बघू नये.

तळहातात दोरीसारखा पट्टा ताणलेला दिसला तर तो ड्युपुट्रेन. एम७२.० हा कोड फार सज्जन, उजवं-डावं विचारतच नाही. सगळेच असे असते तर!

व्यंग जन्मजात की नंतर आलेलं, तेही गुलदस्त्यात ठेवा. जुन्या जखमेचा उल्लेख तर चुकूनही नको, नाहीतर कोडर त्या जखमेचा कोड शेवटी 'एस', म्हणजे 'जुन्या जखमेचा परिणाम', लावून जोडत बसेल. तपासणीच्या रकान्यात मागच्या भेटीतला मजकूर चिकटवा: 'दोन्ही हात नॉर्मल, हालचाल पूर्ण.' खाली निदान: 'हाताला व्यंग'. विम्याचे क्लेम तपासणाऱ्यांनाही चार घटका करमणूक हवीच की.

मग ऑपरेशन उजव्या हातावर, कोड कुठल्याच हाताचा नाही आणि क्लेम नामंजूर. ते पत्र पेशंटच्या घरी जाईल. तो पाकीट ज्या हाताने फोडेल तो बहुधा धडधाकट असावा. कोडरला लॅटरॅलिटी, म्हणजे उजवं-डावं, एवढीच हवी असेल तर त्याने तिथे जाऊन बघावं.

एवढं करूनही एखादा चिवट कोडर क्वेरी पाठवतोच: 'व्यंग उजव्या हाताला आहे की डाव्या?' रागावू नका. उत्तरात 'सहमत' लिहा आणि सही ठोका.